अब्जांशाची साक्ष

सह्याद्रीने एकेकाळी आकाशात सोडलेला पारा सह्याद्रीत सापडत नाही. तो शोधायला फ्रान्सच्या किनाऱ्यावर बिदारच्या कड्याशी जावे लागते, ट्युनिशियातल्या एलेसच्या उजाड टेकड्या चढाव्या लागतात, अंटार्क्टिकाच्या कुशीतल्या सेमूर बेटावरचे दगड झालेले शिंपले उचलावे लागतात. इथे, आपल्या पायांखाली जो काळा कातळ आहे, ज्याच्या माथ्यावर रायगड उभा आहे आणि ज्याच्या पोटात वेरूळ कोरले आहे, त्यात पारा असतो तो नावापुरता. लाव्हा भूपृष्ठावर आला आणि येता येताच त्याने आपला पारा वाऱ्याच्या हवाली केला. कातळ इथे राहिला, श्वास मात्र जगभर गेला. दगडांतला पारा मोजणे हे माझे काम. इतक्या वर्षांच्या सहवासानंतरही या एका गोष्टीचे नवल माझ्या मनातून ओसरलेले नाही.

पारा मोजायचा म्हणजे किती मोजायचा, हे आधी डोळ्यांसमोर आणायला हवे. गाळापासून बनलेल्या साध्यासुध्या खडकात पारा साधारण पन्नास-साठ अब्जांश असतो. शंभर कोटी भागांत एक भाग म्हणजे एक अब्जांश. दहा टनी शंभर ट्रक भरून दगड आणला आणि त्यातला कणन् कण पारा वेचून काढला, तर हाती येईल पन्नास ग्रॅम. पारा इतका जड की तेवढा ऐवज चहाच्या एका चमच्यात मावून वर जागा उरेल. माझ्यापुढे तर शंभर ट्रकही नसतात. एक दशांश ग्रॅम भुकटी असते, नखावर राहील एवढी. तिच्यातला पारा पाच नॅनोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा वीस कोटीवा भाग. डोळ्याला तो कधीच दिसणार नाही, कुठल्याही तराजूवर उतरणार नाही. तरीही तो आहे, आणि किती आहे हे विश्वासाने सांगता येते. मानवी हातांनी साधलेल्या गोष्टींमध्ये मला ही गोष्ट फार मोठी वाटते.

हे साधते ते पाऱ्याच्या स्वभावामुळे. सगळ्या धातूंमध्ये हा एकटा असा की नेहमीच्या हवेत द्रवरूपात राहतो, उणे ३८.८३ अंश सेल्सिअसला गोठतो आणि ३५७ अंशांच्या आसपास उकळतो. न उकळताही त्याची वाफ सतत होतच असते, आणि त्या वाफेत त्याचा प्रत्येक अणू सुटा, एकटा फिरत असतो. ज्वालामुखीतून निघालेला पारा असाच सुटा होऊन वर जातो. हवेत तो सहा महिने, वर्षभरही राहतो, आणि तेवढ्या अवधीत वारे त्याला पृथ्वीभर नेऊन पोचवतात. मग हळूहळू त्याचे रासायनिक रूप पालटते, तो पाण्यात विरघळू लागतो, पावसाबरोबर खाली येतो. समुद्रात मेलेल्या सूक्ष्म जीवांच्या, कुजलेल्या शेवाळाच्या कणांना तो घट्ट बिलगतो आणि त्यांच्यासोबत तळाशी जातो. वर गाळ साचत राहतो. खालच्याचा खडक होतो. लाखो वर्षांनी समुद्रतळ उचलला जातो, त्याचा डोंगर होतो, आणि कुणीतरी हातोडी घेऊन त्या डोंगराच्या पायथ्याशी येते.

हातोडीने आधी खडकाची बाहेरची, ऊनपावसाने विटलेली साल काढून टाकायची, कारण तिच्यावर आजच्या जगाचा हात फिरलेला असतो. आतला ताजा तुकडा पिशवीत. प्रयोगशाळेत आल्यावर तो वाळवायचा, पण ऊब बेताची ठेवून. एरवी दगड शंभर अंशांवर निर्धास्त वाळवतात; इथे तसे केले तर जे मोजायचे तेच उडून जाण्याची भीती. मग अकीकाच्या खलात घोटायचे. अकीक कठीण आणि स्वच्छ, स्वतःचे काही भुकटीत सोडत नाही. आपल्या दख्खनच्या काळ्या कातळातल्या पोकळ्यांमध्येही अकीक तयार झालेला आहे. खल फिरवताना त्याच्या गुळगुळीत पट्ट्यांकडे माझे लक्ष जाते आणि वाटते, दगडाची चौकशी करायला दगडच मदतीला आला आहे.

भुकटी पिठासारखी झाली की निकेलच्या किंवा क्वार्ट्‌झच्या बोटभर होडीत ती तोलून घ्यायची आणि होडी यंत्रात सोडायची. आत ऑक्सिजनचा प्रवाह असतो. तापमान सातशे-आठशे अंशांपर्यंत चढते. दगडातले सेंद्रिय द्रव्य जळते, गंधक जळते, पारा वाफ होऊन निघतो. वाटेतल्या उत्प्रेरकाच्या नळीत बाकीचे त्रासदायक वायू अडतात. शेवटी हा झोत सोन्याच्या सापळ्यावर येतो. सोने पाऱ्याला धरून ठेवते आणि इतर सगळ्यांना पुढे जाऊ देते. मग एकाएकी सोने तापवायचे. धरलेला सगळा पारा एकाच क्षणी सुटतो आणि एका नळीत शिरतो. तिच्या एका टोकाला पाऱ्याच्याच वाफेचा दिवा असतो. त्याचा २५३.७ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश आपल्याला दिसत नाही, पण नळीतल्या पाऱ्याचे अणू नेमका तोच शोषून घेतात. प्रकाश जेवढा मंदावला तेवढा पारा. पाऱ्याची ओळख पटवायला पाराच लागतो.

आपल्याकडच्या रसशाळांनी या युक्तीचा पूर्वार्ध फार पूर्वी ओळखला होता. हिंगुळातून पारा काढण्याचे डमरूयंत्र रसशास्त्रात वर्णिलेले आहे. मातीची दोन मडकी तोंडाला तोंड लावून ठेवायची, सांधा चिखलाने माखलेल्या कापडाने लिंपायचा, खालून आच द्यायची आणि वरचे मडके ओल्या फडक्याने थंड ठेवायचे. हिंगूळ तळाशी, पारा वरच्या मडक्याच्या आतल्या अंगाला थेंबाथेंबाने जमलेला. दगडाला उष्णता द्या, पारा आपणहून निघतो. त्याला थांबायला जागा द्या, तो थांबतो. माझ्या टेबलावरचे यंत्रही हेच करते. त्या रसवैद्यांना पारा ओंजळीने हवा होता, मला तो जवळपास नाहीसा असताना हवा आहे, एवढेच अंतर.

आणि या नाहीसेपणाच्या काठावर काम करताना सगळ्यात आधी मोजावे लागते ते शून्य. दिवसाची पहिली होडी रिकामी जाते. तिच्यात भुकटी नसते, तरी यंत्र काहीतरी आकडा दाखवतेच. तो आकडा प्रयोगशाळेच्या हवेचा असतो, होडीच्या धातूचा असतो, ऑक्सिजनच्या नळीचा असतो. आम्ही त्याला ब्लँक म्हणतो. रिकामी होडी पुन्हा तापवायची, पुन्हा वाचन घ्यायचे, आणि आकडा खाली येऊन स्थिरावेपर्यंत दगडाला हात लावायचा नाही. त्यानंतर ज्यातला पारा आधीच जाहीर आहे असा प्रमाणित नमुना. कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने तयार केलेला समुद्रातला गाळ अनेक ठिकाणी वापरला जातो, त्यात ९१ अब्जांश पारा आहे. यंत्राने तो बरोबर सांगितला तरच पुढच्या अनोळखी दगडाबद्दल त्याचे म्हणणे ऐकायचे. पाऱ्याने समृद्ध नमुना यंत्रातून गेला की त्याचा थोडा अंश मागे रेंगाळतो आणि पुढच्या गरीब नमुन्याच्या नावावर चढतो. याला मेमरी इफेक्ट म्हणतात. म्हणून गरीब नमुने आधी, श्रीमंत नंतर, आणि मध्ये पुन्हा रिकाम्या होड्या. या शिस्तीने मला प्रयोगशाळेबाहेरही वळण लावले आहे. समोरच्याबद्दल काही म्हणण्याआधी मी माझ्या मनाची रिकामी होडी तपासते: यातले माझे किती आणि त्याचे किती?

शून्य मोजण्याची ही विद्या ज्याने सोसून मिळवली तो माणूस आल्फ्रेड श्टॉक. जर्मनीतला हा मोठा रसायनशास्त्रज्ञ बोरॉन आणि हायड्रोजन यांच्या संयुगांवर काम करत असे. त्यांतली कित्येक संयुगे हवेच्या स्पर्शानेही पेट घेतात, म्हणून त्याने हवा शिरणार नाही अशी काचेची उपकरणे बनवली आणि त्यांच्या झडपा पाऱ्याच्या ठेवल्या. वर्षानुवर्षे तो त्या पाऱ्याच्या वाफेत श्वास घेत राहिला. डोके सतत दुखायचे, चक्कर यायची, नाक-घसा धरायचा, आणि स्मरणशक्ती इतकी ढासळली की ओळखीची नावेही आठवेनात. उलगडा व्हायला १९२४ साल उजाडले. १९२६ मध्ये त्याने पाऱ्याच्या वाफेच्या धोक्याबद्दल स्वतःच्या आजाराची हकिगत लिहून जगाला सावध केले, आणि पुढची कित्येक वर्षे पारा मोजण्यात घालवली. द्रावणातला पारा तो विजेच्या साहाय्याने तांब्याच्या तारेवर जमवत असे, तार तापवून पारा बारीक काचनळीत उतरवत असे आणि तिथे गोळा झालेल्या इवल्या थेंबाचा व्यास सूक्ष्मदर्शकाखाली मोजत असे. व्यासावरून वजन. १९३४ साली त्याने कुकुएल या सहकाऱ्यासोबत जगात पारा कसा पसरला आहे याचा आढावा मांडला. हवा, पाणी, माती, खडक, जिथे बघावे तिथे तो थोडाथोडा होता. ज्याने आपले आयुष्य पोखरले त्याचा माग इतक्या शांतपणे घेणाऱ्या या माणसासमोर मी मनोमन हात जोडते. आज यंत्र मिनिटांत आकडा देते, पण त्या आकड्याच्या मुळाशी एका आजारी माणसाची चिकाटी आहे.

मग या आकड्यांनी काय सांगितले? २०१२ साली हमेद सनेई, स्टीफन ग्रॅस्बी आणि बेनुआ बोशां यांनी कॅनडाच्या उत्तर ध्रुवीय भागातल्या खडकांत, पर्मियन काळाच्या अगदी अखेरच्या थरात, पाऱ्याची ठळक वाढ दाखवून दिली. तो थर २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वीचा. तेव्हा सैबेरियात लाव्हाचे महापूर वाहत होते आणि समुद्रातल्या बहुसंख्य जाती नष्ट होत होत्या. त्यानंतर जगभरचे संशोधक प्रत्येक मोठ्या विनाशाच्या थरात पारा शोधू लागले, आणि साहजिकच सगळे आपल्या दाराशी आले.

आपला कातळ ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. आज झिजून उरलेला त्याचा विस्तारच सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे. डायनासोर गेले तो काळ हाच. १९८० साली लुइस आणि वॉल्टर अल्वारेझ, फ्रँक असारो आणि हेलन मिशेल यांनी इटलीतल्या गुबियो गावाजवळच्या चिकणमातीच्या एका पातळ थरात इरिडियम हा धातू मोजला. तो जेमतेम नऊ अब्जांश भरला, पण आजूबाजूच्या खडकाच्या मानाने तीसपट. एवढ्यावरून त्यांनी सांगितले की बाहेरून एक प्रचंड अशनी येऊन आदळला होता. पुढे त्याचे विवर मेक्सिकोत चिक्शुलूबला सापडले. इरिडियम आकाशातून आले, पारा जमिनीतून वर गेला, आणि समुद्राच्या गाळाने दोघांनाही आपल्यात सामावून घेतले. त्या एका कालखंडाचा निवाडा करायचा तर हे दोन साक्षीदार लागतात, आणि दोघेही अब्जांशांत बोलतात.

२०१६ साली बिदारच्या खडकांत विनाशाच्या थराच्या किंचित खाली, म्हणजे त्याच्या थोडे आधी, पारा वाढलेला दिसला. २०२० साली गेर्टा केलर आणि सहकाऱ्यांनी एलेसच्या थरांत पाऱ्याचे चढउतार दाखवून ते दख्खनच्या उद्रेकांशी जोडले. आणि २०१९ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी जगाच्या कानाकोपऱ्यांतले त्या काळचे शिंपले जमवून त्यांच्या कवचांत पारा आणि समुद्राचे तापमान दोन्ही वाचले. पारा वाढलेला होता, पाणी तापलेले होते. काही शिंपल्यांतला पारा व्हर्जिनिया राज्यातल्या, कारखान्याच्या पाऱ्याने आज दूषित झालेल्या नदीखोऱ्यातल्या शिंपल्यांच्या तोडीचा निघाला. इथे आपल्या डोंगरांतून निघालेली वाफ दूर समुद्रातल्या एका मूक जिवाच्या कवचात जाऊन बसली होती. त्या जिवाला दख्खन माहीत नव्हते, पण दख्खनचे ओझे त्याच्या अंगावर पडले.

या साक्षीची उलटतपासणीही करावी लागते. पारा वाढला म्हणजे ज्वालामुखी पेटला, असे झटकन म्हणता येत नाही. पारा सेंद्रिय द्रव्याला चिकटतो. तेव्हा तळाशी शेवाळ जास्त साचले तर पाराही जास्त दिसेल, आकाशातून नेहमीइतकाच पडला असला तरी. म्हणून त्याच भुकटीतला सेंद्रिय कार्बन वेगळा मोजायचा आणि पाऱ्याला त्याने भागायचे. वणवे आणि जमिनीची धूपही पारा समुद्रात आणतात. पाऱ्याची सात स्थिर समस्थानिके आहेत आणि सूर्यप्रकाशात घडणाऱ्या प्रक्रिया त्यांच्यातल्या विषम वजनाच्या दोघांवर वेगळी खूण उमटवतात. त्या खुणेवरून तो हवेतून आला की जमिनीवरून वाहत, याचा अंदाज बांधता येतो. शिवाय सगळीच ठिकाणे सारखे बोलत नाहीत. २०१८ साली लॉरेन्स पर्सिव्हल आणि सहकाऱ्यांनी दाखवले की पाऱ्याची खूण सर्व मोठ्या उद्रेकांच्या काळात सर्वत्र सारखी स्पष्ट उमटत नाही. मला हा कमीपणा वाटत नाही. जो साक्षीदार सगळीकडे एकच पाठ म्हणतो त्याच्यावरच संशय घ्यायला हवा.

पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला चढताना रस्त्यासाठी फोडलेल्या कड्यांमध्ये काळ्या थरांच्या मधून तांबड्या मातीचे पट्टे दिसतात. एक लाव्हा वाहून थंड झाला आणि पुढचा येण्याआधी मध्ये जो काळ गेला, त्यात वरचा दगड कुजून ही माती झाली. तो पट्टा म्हणजे उद्रेकाने घेतलेली विश्रांती. अशाच तांबड्या थरांमध्ये ज्वालामुखीच्या राखेतले झिर्कॉन या खनिजाचे कण सापडले आणि त्यांच्यावरून ब्लेअर शोन आणि सहकाऱ्यांनी दख्खनच्या उद्रेकांच्या वेळा लावल्या. मुख्य उद्रेक सुमारे साडेसात लाख वर्षे चालला असे त्यांनी २०१५ साली मांडले. मग २०१९ च्या फेब्रुवारीत एकाच दिवशी दोन शोधनिबंध प्रसिद्ध झाले. एकाने म्हटले, उद्रेक चार झटक्यांत झाला आणि त्यातला एक मोठा झटका अशनी आदळण्याआधीचा होता. दुसऱ्याने म्हटले, लाव्हा सलग वाहत होता आणि त्याचा बराचसा भाग अशनीनंतरचा आहे. निवाडा अजून व्हायचा आहे. घाटातल्या कातळात लाव्हाची जाडी आहे, तांबड्या पट्ट्यांत विश्रांतीची नोंद आहे, पण कोणत्या झटक्याने हवेत किती सोडले हे घाट सांगू शकत नाही. ते दूरच्या समुद्राला ठाऊक आहे. दोन्ही वह्या शेजारी ठेवून ओळ ओळ जुळवावी लागेल, आणि ते काम आपल्या मुलांनी हाती घ्यावे असे मला फार वाटते. हा आपला कातळ आहे. त्याची पूर्ण गोष्ट मराठीतही सांगितली गेली पाहिजे.

मात्र या कामाने मला दिलेली सगळ्यात मोठी समज आजच्या जगाबद्दलची आहे. आकाशात सोडलेले काहीही नाहीसे होत नाही. ते पसरते, विरळ होते, डोळ्याआड जाते, आणि कुठेतरी कुणाच्या तरी कवचात, मांसात, मातीत उतरते. १९५६ साली जपानमधल्या मिनामाता गावात मासे खाणाऱ्या कुटुंबांना आणि त्यांच्या मांजरांना जडलेला जो आजार उघडकीस आला, तो कारखान्याने खाडीत सोडलेल्या पाऱ्याचा होता. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०१५ या एका वर्षात माणसाने हवेत सुमारे २,२२० टन पारा सोडला. त्यातला सर्वात मोठा वाटा छोट्या, हातावर पोट असलेल्या सोन्याच्या खाणींचा, त्यानंतर कोळशाच्या जाळण्याचा. खाणीतला गरीब मजूर वाळूतले सोने पाऱ्यात पकडतो आणि उघड्या विस्तवावर पारा उडवून देतो. सोने आणि पारा यांची जी ओढ माझ्या यंत्रात ज्ञान देते, तीच ओढ त्याच्या फुप्फुसात विष भरते. मिनामाताच्या नावाने २०१३ मध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय करारात भारतही २०१८ पासून सामील आहे. ज्वालामुखीला थांबवणे कुणाच्या हाती नव्हते. आपले हात मात्र आपल्याच ताब्यात आहेत.

म्हणून वाचकांना एक विनंती. तुमच्या घरात ताप बघायचा जुना काचेचा पाऱ्याचा थर्मामीटर असेल, तर त्यात साधारण एक ग्रॅम पारा आहे. साध्या खडकातला तेवढा पारा गोळा करायला वीस टन दगड लागेल, दोन ट्रक भरून. तो थर्मामीटर रोजच्या कचऱ्यात टाकू नका. फुटलेले थर्मामीटर, ट्यूबलाइट आणि सीएफएल दिवे घरगुती घातक कचऱ्यात मोडतात. ते वेगळे ठेवून तुमच्या नगरपालिकेच्या किंवा महापालिकेच्या संकलन केंद्रावर द्या. थर्मामीटर चुकून फुटलाच, तर मुलांना बाहेर न्या, खिडक्या उघडा, केरसुणी किंवा व्हॅक्यूम क्लीनर लावू नका; जाड कागदाच्या कडेने थेंब एकत्र करून घट्ट झाकणाच्या बरणीत भरा आणि ती बरणी त्याच केंद्रावर पोचवा.